राजीनामा लिहून ठेवलाय, देऊ का?

*ताई, मी ३१ वर्षांचा. मेकॅनिकल इंजिनिअर, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. या कंपनीत चार वर्षं चार महिने झाले. हातात ४१ हजार येतात. दोन वर्षांपासून रात्री पुण्याच्या एका एजन्सीसाठी मराठी-इंग्रजी कंटेंट लिहितो. आरोग्य, गुंतवणूक, पर्यटन, सांगतील ते. महिन्याला बारा-तेरा हजार सुटतात. आधी शब्दाला एक रुपया होता, आता एआयचं कारण सांगून साठ पैसे केलाय. नोकरीत जीव रमत नाही. मला पूर्णवेळ लेखनच करायचंय. एक कादंबरीही अर्धवट पडलीय. बायको खासगी शाळेत शिकवते, ती म्हणते ‘तुम्ही बघा’. आप्पा म्हणतात, ‘लोकांनी विचारलं तर काय सांगू, पोरगा घरात बसून काय करतो?’ आईला शुगर आहे. राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय. सोबत माझे दोन नमुने जोडलेत. धाकटा भाऊ समजून स्पष्ट सांगा.*
*— आर., राजारामपुरी, कोल्हापूर*

भावा,

राजीनामा आत्ता देऊ नकोस. आठ महिन्यांनी दे, आणि तेव्हाही खाली सांगते त्यातलं थोडंफार जमलं असेल तरच. उत्तर आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

आठच महिने का, तर तुझी पाच वर्षं भरायला तेवढेच राहिलेत. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. शेवटचं बेसिक (महागाई भत्ता असेल तर तो धरून) गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. समज तुझं बेसिक २२ हजार आहे, तर सुमारे ६३ हजार होतात. घरात पाच माणसांपेक्षा कमी असतील तर दोनेक महिन्यांचा किराणा, वीजबिल, पेट्रोल यात भागतं. कंटाळा आला म्हणून एवढे पैसे शिरोलीच्या गेटवर सोडून यायचे, हे मला पटत नाही. कंटाळा आठ महिने सोसता येतो.

आता मुद्द्याचं. तुझे दोन्ही नमुने वाचले.

पहिला एजन्सीसाठी लिहिलेला, पावसाळ्यात प्रतिकारशक्ती कशी वाढवावी यावर. ‘आजच्या धावपळीच्या जगात’ असा सुरू होतो. तिसऱ्या ओळीला मी सोडून दिला. शुद्धलेखन चोख, वाक्यं सरळ, आणि लिहिणारा कोण याचा पत्ता नाही. दुसरा अर्ध्या पानाचा, नाइट शिफ्टचा. त्यात मोल्डिंगवर आयुष्य काढलेले एक काका लॅबचा आकडा यायच्या आधी वाळू मुठीत दाबून बघतात. बोटांचे ठसे उमटून राहिले आणि गोळा मोडल्यावर कडा साफ तुटली, तर म्हणतात, ‘घे, भर साचा.’ हाताला वाळू चिकटली की नुसती मान हलवतात. त्या रात्री त्यांचं कुणी ऐकलं नाही. पाणी जास्त झालेलं, ओतकामाच्या उष्णतेनं त्याची वाफ झाली, वाफेला वाट मिळाली नाही आणि सकाळी साचे फोडल्यावर कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वाफेनं पडलेली पोकळी. रिजेक्शनचा ढीग बघून काका काही बोलले नाहीत, चहाला गेले, असं तू लिहिलंयस. ते अर्धं पान मी दोनदा वाचलं.

दर साठ पैशांवर आला तो पहिल्या नमुन्याचा. तसला मजकूर आता यंत्र बसल्या जागी काढून देतं. त्यात एजन्सीला दोष देण्यात अर्थ नाही, गिऱ्हाईक स्वस्तात मिळतं तिथं जाणारच. हा दर वर्षभरात आणखी खाली येईल असंच धरून चाल. दुसरा नमुना मात्र यंत्राकडून येणार नाही, कारण ते काका यंत्राशी बोलत नाहीत. तुझ्याशी बोलतात.

म्हणजे गंमत अशी की, तुझ्याकडं विकण्यासारखं जे आहे ते दोन वर्षं तू विकायला काढलंच नाहीस. ज्यातलं तुला काहीच विशेष कळत नाही (म्युच्युअल फंड, केरळची सहल, आवळ्याचे फायदे) तेच लिहीत बसलास. आणि फौंड्री, जिच्यातलं तुला कळतं, तिचा कंटाळा आला म्हणून ती लिखाणातूनही बाहेर ठेवलीस. कंटाळा नोकरीचा आलाय का विषयाचा, हे एकदा नीट तपास. तुझं ते अर्धं पान सांगतं की विषयाचा आलेला नाही.

एक विचारते. गिऱ्हाइकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, कोण लिहितं? तूच ना? डी-फोरला, म्हणजे चौथ्या पायरीला, मूळ कारण लिहिताना ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच टाकून भागत नाही, पलीकडचा क्वालिटी मॅनेजर तो कागद परत पाठवतो. काय झालं, कशामुळं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे परक्या माणसाला पटेल अशा सरळ इंग्रजीत लिहायचं. हेच कसबाचं लेखन आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्याची वानवा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, शिवाय जुनं उद्यमनगर, इथं मशीन बनवणारे, पॅटर्नवाले, वाळूत घालायची रसायनं पुरवणारे, जिग-फिक्श्चरवाले किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातल्या कितीजणांची वेबसाइट उघडून बघितलीस? ‘वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर’ आणि खाली हार घातलेल्या मशीनचा फोटो. माल परदेशात जातो आणि मॅन्युअल वाचून हसू येतं. मालकाला हे कळतं, पण लिहून कुणाकडनं घ्यायचं ते कळत नाही. पुण्याच्या एजन्सीला दिलं तर तिथल्या पोरीला कोअर आणि पॅटर्नमधला फरक समजावण्यात त्याचे दोन दिवस जातात.

एक जपून मात्र. नेमणूकपत्र काढून वाच. नोकरीत असताना दुसरं काम करू नये आणि कंपनीची माहिती बाहेर देऊ नये, अशी कलमं त्यात बहुतेक असतातच. दुसऱ्या फौंड्रीचं काम नोकरी सुटेपर्यंत अजिबात घेऊ नकोस, आणि सुटल्यावरही आत्ताच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, रिजेक्शनचे आकडे तोंडातून बाहेर पडता कामा नयेत. कोल्हापूर लहान आहे. सकाळी उद्यमनगरात बोललेलं संध्याकाळी शिरोलीत पोचतं. आठ महिने स्पर्धेत नसलेल्यांचंच बघ: मशीनवाले, रसायनवाले, पंपवाले. तेही परवानगी लागत असेल तर काढून.

फौंड्रीबाहेरही इथं काम आहे, पण ते मोसमी असतं हे लक्षात ठेव. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हाव्या लागतात, त्याआधी त्यांचे अहवाल छापून घ्यायची घाई. जुलै-ऑगस्टला दूध संस्था, पतसंस्था, बँका, सगळ्यांना एकदमच मनोगत आणि आढावा लिहून हवा असतो. स्मरणिका, गौरव अंक हे त्याच जातीचं काम. निवडणुकीत भाषणं आणि पत्रकं लिहायला माणूस लागतो, पण त्याचे पैसे निकालाआधी हातात घे. पडलेल्या उमेदवाराकडं लेखकाची उधारी वसूल झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि एक नवं दार उघडलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता मुंबईऐवजी इथं येतात. खालच्या कोर्टातले कागद मराठीत आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, सगळ्याचं भाषांतर लागतं, तेही परवाच्या तारखेसाठी आज. तुझी इंग्रजी तांत्रिक आहे, कायद्याची भाषा शिकायला काही महिने जातील. एखाद्या वकिलाकडं सुरुवातीला चार जबाबांचं भाषांतर करून दाखव. ज्यांना मोडी वाचता येते त्यांना तर जुन्या जमिनीच्या कागदांसाठी लोक शोधत येतात.

आता आकडे. ‘४१ हजार मिळवले की झालं’ असं तू धरून चाललायस. नाही रे. कंपनी तुझ्या पीएफमध्ये तिचा वाटा भरते, गट विमा देते, दिवाळीला बोनस देते, तू तापानं पडलास तरी पगार येतो. फ्रीलान्सरला यातलं काहीच नाही, वर लॅपटॉप बिघडला तर तो पण तुझाच. माझ्या अंदाजानं ४१ हजारांच्या पगाराची बरोबरी करायला महिन्याला साठ हजारांची बिलं गेली पाहिजेत. साठ पैशांनी हे म्हणजे महिन्याला एक लाख शब्द. पंचवीस दिवस काम धरलं तर रोज चार हजार. सहा महिन्यांत तुझी मान आणि तुझी मराठी दोन्ही जातील.

म्हणून शब्दावर मोजणं सोड. कामावर मोज. ३२ पानांचा कॅटलॉग असेल तर तीस हजार सांग. समोरचा ‘एवढं काय त्यात?’ म्हणून पंचवीसवर आणेल, आणल्याशिवाय त्याला जेवण जाणार नाही. पंचवीसला हो म्हण. निम्मे आगाऊ घे. दोनदा दुरुस्ती करून देईन, तिसऱ्यांदा पैसे पडतील, हे आधीच मेलवर लिही. फोनवर ठरलेलं असलं तरी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ असा चार ओळींचा मेल टाकायचाच. आगाऊ मागितल्यावर तोंड वाकडं करणारा शेवटचे पैसेही वाकड्या तोंडानंच देतो. त्याला हात जोड आणि पुढं हो.

उशिरा पैसे हा या धंद्यातला खरा रोग. त्यावर एक औषध फुकट मिळतं, तरी बहुतेक लेखकांना माहीत नसतं. नोकरी सोडलीस की उद्यम नोंदणी करून घे. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन लागतं, पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी जी साइट दिसेल ती सरकारी नव्हे. नोंदणी झाली की तू कागदावर सूक्ष्म उद्योग. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत तुझे पैसे चुकते व्हावे लागतात, नाही झाले तर व्याज. अर्थात आपल्या गावात गिऱ्हाइकावर दावा लावून कुणी धंदा करत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक ठळक छाप. कारण मुदतीत न दिलेली रक्कम त्या कंपनीला, प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि हे मालकाला नाही तरी त्याच्या अकाउंटंटला पक्कं ठाऊक असतं. मार्च जवळ आला की तोच तुला फोन करतो.

हक्कांचंही बघ. नोकरीत लिहिलेलं मालकाचं असतं. फ्रीलान्सर म्हणून लिहिलेलं, लेखी हक्क देईपर्यंत, तुझं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे आहे. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. कॅटलॉगचे हक्क खुशाल देऊन टाक, ते घेऊन तू काय करणार? पण कुणी तुझ्याकडून आत्मचरित्र, कथा, संहिता लिहून घ्यायला आला, तर सही करण्याआधी दोन दिवस मागून घे. कराचं फार डोक्यात घेऊ नकोस. व्यावसायिक फी म्हणून बरेचजण दहा टक्के कापून देतील, ते रिटर्नमध्ये हिशेबात येतात. जीएसटी वर्षाला वीस लाखांपर्यंत लागत नाही. बाकी एक सीए गाठ. गृहकर्ज काढायचा विचार असेल तर मात्र ते नोकरीत असतानाच उरक, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागत बसते.

कादंबरीबद्दल बोलायला मला थोडं जड जातंय. फ्रीलान्सिंगमुळं तिला वेळ मिळेल असं तुला वाटतं. मला उलटं वाटतं. फौंड्रीची शिफ्ट सुटते. फ्रीलान्सरची सुटत नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी वाक्यं घडवल्यावर रात्री स्वतःच्या वाक्यांकडं बघवत नाही, हे सगळ्यांचंच होतं. पैशांचा हिशेबही ऐक: तीनशेचं पुस्तक, हजार प्रती, दहा टक्के मानधन धर. सगळ्या प्रती खपल्या तरी तीस हजार, आणि खपायला किती वर्षं ते प्रकाशकालाही सांगता येत नाही. म्हणून कादंबरीकडून पैशाची अपेक्षा ठेवू नकोस, आणि ती राजीनाम्याची सबबही करू नकोस. वि. स. खांडेकर १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. १९३६ मध्ये त्यांची कथा पडद्यावर आली तेव्हाही ते शाळेतच होते. कोल्हापूरला आले १९३८ मध्ये, तोवर नाव, पुस्तकं आणि इथल्या चित्रपटांचं काम पदरात होतं. जगदीश खेबुडकरांनी तर शिक्षकाची नोकरी करत गाणी लिहिली. सकाळी साडेपाच ते सात ही वेळ कादंबरीची ठरव आणि आजपासूनच बस. नोकरीत असताना बसवलेली बैठकच पुढं टिकते.

तर आठ महिन्यांत बघायचं काय? एजन्सीचं काम या महिन्यात बंद कर, ती बारा हजारांची सवय तोडावीच लागेल. त्या रात्रींत स्वतःची गिऱ्हाइकं उभी कर. ओळखीच्या मित्राचं काम मोजू नकोस, मित्र कौतुक म्हणूनही देतो. अनोळखी माणसानं एकदा काम दिलं, वेळेत पैसे दिले आणि न बोलावता दुसऱ्यांदा आला, असे तिघं झाले पाहिजेत. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा, ज्याला हात लावायचा नाही. तिघांच्या जागी दोघं झाले तर मी ताणणार नाही. एकच झाला तर पत्र ड्रॉवरमध्येच राहू दे.

आप्पांना समजवायला जाऊ नकोस. त्यांना आदर्श नकोत, लोकांना सांगायला एक शब्द हवाय. ‘इंडस्ट्रियल रायटर’ असं कार्ड छाप, खाली ‘टेक्निकल डॉक्युमेंटेशन’, वर उद्यम क्रमांक. राजारामपुरीत आठवडाभरात सगळ्यांना कळेल की पोरानं स्वतःचं ऑफिस काढलं. आणि ऑफिस काढच. कुठल्यातरी अभ्यासिकेत एमपीएससीच्या पोरांच्या रांगेत महिन्याची एक खुर्ची घे. घरी बसलास तर सिलिंडर, पाहुण्यांना स्टँडवर सोडणं, मावशीचं आधार अपडेट, सगळं तुझ्याच वाट्याला येईल, कारण ‘हा काय, घरीच असतोय’.

आईचा विमा राजीनाम्याआधी. नोकरी सुटली की गट विम्याचं छत्र जातं. शुगर आधीपासून आहे, ती फॉर्ममध्ये लपवायची नाही. आधीच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून जितक्या लवकर घेशील तितकं ते घड्याळ लवकर सुरू होईल. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे एचआरला याच आठवड्यात विचार. राजीनामा दिल्यावर एचआरचा सूर बदलतो.

राहिली तुझी बायको. ‘तुम्ही बघा’ याला तू होकार समजून बसलायस. आपल्याकडं ‘तुम्ही बघा’ म्हणजे बहुतेक वेळा ‘मला भीती वाटते, पण मी विचारलं तर तुम्हाला राग येईल’. खासगी शाळेचा पगार काय असतो, वेळेवर होतो का, हे तिला विचारायची गरज नाही, तुला ठाऊक आहे. तुझी बिलं अडकली की घर तिच्या त्या पगारावर चालणार, म्हणजे जोखीम निम्मी तिची आहे. रविवारी आप्पा-आई देवळात गेले की दोघं कागद घेऊन बसा. महिन्याचा खर्च तिला लिहू दे, तिला तो तुझ्यापेक्षा बरोबर येतो. मग विचार, किती महिने पैसे आले नाहीत तर तू म्हणशील, आता पुरे, नोकरी बघा? ती जो आकडा सांगेल तो त्याच कागदावर लिही आणि दोघंही सही करा. आणि ती म्हणाली की आठ नको, अजून वर्षभर थांबू, तर थांब.